मनीची भूक, मनीची भाषा
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणच्यापासून लघुउद्योगापर्यंत नाना विषयांवर भाषणे झाली; मांजरावर मात्र हे पहिलेच. याला कारण मागची सभा. त्या सभेत जमाखर्च पाच मिनिटांत मंजूर झाला आणि आपल्या आवारातल्या दोन मांजरांवर तासभर चर्चा झाली. तक्रारी काय होत्या ते तुम्हांला आठवत असेलच. ओट्यावरचा बांगडा पळवला, दुधाच्या पातेल्यात तोंड घातले, पहाटे साडेचारला जिन्यात गळा काढला, आणि सर्वांत गंभीर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या नातवाचा हात बोचकारला. शेवटी अशी सूचना आली की दोघींना पोत्यात घालून खाडीपलीकडच्या बाजारात सोडून यावे. त्यावर हात वर व्हायचेच बाकी होते, पण अध्यक्षीणबाईंनी मतदान पुढे ढकलले आणि मला म्हणाल्या, "तुमचे आयुष्य मांजरांत गेले. ती काय मागतात ते आधी सांगा, मग ठरवू." म्हणून मी उभी आहे.

मी मांजरांची वकिली करणार नाही. चारही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु नीट पाहिले तर चारहींचे मूळ एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे मांजराचे जेवण. ते कधी जेवते, काय जेवते आणि जेवण मागते कसे, एवढे कळले तर निम्मे भांडण मिटते. उरलेले निम्मे आपसांतले आहे, ते मिटवणे माझ्या हातात नाही.

मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. मान मोठा दिला, पण तिची जात वेगळी आहे. आफ्रिका आणि पश्चिम आशिया या भागांत एक अंगाने लहान, मातकट रंगाचे रानमांजर असते. आपली मनी त्याच्या वंशातली. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. त्याला कोणी बोलावले नव्हते, आणि कोणी हाकलूनही दिले नाही. सायप्रस बेटावर एका जुन्या वस्तीत सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे माणसाचे दफन सापडले, आणि त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर एका मांजराचे. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती, तेव्हा कोणीतरी ते होडीतून नेले असले पाहिजे. म्हणजे मांजराचा आणि आपला शेजार काही आजचा नव्हे.

पण एवढ्या वर्षांच्या शेजारानेही मांजराचे पोट बदलले नाही. कुत्रा एका वेळी भरपेट खातो नि दिवसभर पडून राहतो. मांजराचे तसे नाही. ते एकट्याने शिकार करणारे जनावर. एक उंदीर म्हणजे त्याचा एक घास. पोट भरायला असे कित्येक घास लागतात. म्हणून अन्न सतत समोर ठेवले तर मांजर दिवसरात्रीत दहा-वीस वेळा थोडे थोडे खाते. आपण बशीभर वाढतो, ते चार घास खाऊन निघून जाते, आणि आपण म्हणतो, "नखरे बघा मेलीचे!" ते नखरे नव्हेत. बरे, उंदरांची हालचाल जास्त असते संधिप्रकाशात, म्हणून मांजराचे पोटही पहाटे आणि दिवेलागणीला जागे होते. साडेचारचा गळा त्यामुळेच. आपल्या झोपेशी त्याचे वैर नाही, त्याच्या हिशेबी ती न्याहारीची वेळ आहे.

आता भाषेकडे येते. हा भाग मला फार आवडतो, तेव्हा थोडा वेळ जास्त घेईन. चहा जरा उशिरा ठेवला तरी चालेल.

दोन मोठी मांजरे एकमेकींशी बोलताना तुम्ही 'म्याव' ऐकले आहे का? भांडताना गुरगुरतात, फिसकारतात, बोके रात्री रडल्यासारखे ओरडतात. पण साधे, गोड, शेपूट वर करून केलेले 'म्याव' मोठे मांजर दुसऱ्या मांजराशी क्वचितच करते. पिल्लू आईला हाक मारताना तसे करते, आणि मोठेपणी ते सोडून देते. मात्र माणसाच्या घरात वाढलेले मांजर ती हाक आपल्यासाठी राखून ठेवते. म्हणजे त्याच्या लेखी आपण सगळ्या आयाच. १९४४ साली मिल्ड्रेड मोल्क नावाच्या एका अमेरिकन बाईंनी मांजरांचे आवाज ऐकून ऐकून त्यांची तीन गटांत मांडणी केली: तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटताना काढलेले, आणि तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले. घुरघुर पहिल्या गटात, म्याव दुसऱ्या गटात, फिसकारणे तिसऱ्यात. आज ध्वनिमुद्रणाची यंत्रे किती पुढे गेली, तरी ही मांडणी अजून वापरात आहे.

पण म्याव ऐकून त्याचा अर्थ कळतो का? इटलीत मिलान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली याची परीक्षा घेतली. अन्नाची वाट पाहताना, एकटे पडल्यावर आणि अंग विंचरताना अशा तीन प्रसंगी मांजरांनी केलेले म्याव लोकांना नुसते ऐकवले आणि प्रसंग ओळखायला सांगितले. निम्म्यांनासुद्धा ते धड ओळखता आले नाहीत. त्यातल्या त्यात बायकांची ओळख पुरुषांपेक्षा सरस ठरली, हे येथे सांगायला मला संकोच वाटत नाही. मुद्दा असा, की म्यावचा शब्दकोश नाही. प्रत्येक मांजर आपापल्या घरातल्या बाईशी मिळून आपली बोली तयार करते. माझी मनी स्वयंपाकघराच्या दारात दोन तुटक आवाज काढते, ते मला कळतात, माझ्या नणंदेला कळत नाहीत.

आणि ही बोली केवळ तोंडाची नाही. ससेक्स विद्यापीठातल्या कॅरेन मॅक्कोंब या विदुषींना त्यांचे स्वतःचे मांजर, त्याचे नाव पेपो, रोज सकाळी एका विशिष्ट घुरघुरीने उठवत असे. ती घुरघुर ऐकली की पडून राहवत नसे. हे असे का, म्हणून त्यांनी दहा मांजरांच्या घुरघुरी मुद्रित केल्या, खायला मागतानाच्या आणि नुसत्याच समाधानाच्या. २००९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. मागतानाच्या घुरघुरीत खोल आवाजाखाली एक बारीक रडका सूर दडलेला असतो. त्याची कंपने सेकंदाला सुमारे २२० ते ५२०. तान्ह्या मुलाचे रडणे सुमारे ३०० ते ६००. पन्नास माणसांना या घुरघुरी ऐकवल्या, तर ज्यांनी जन्मात मांजर पाळले नव्हते त्यांनासुद्धा मागतानाची घुरघुर अधिक निकडीची वाटली. यंत्राने तो रडका सूर पुसून टाकला तेव्हा निकडही कमी झाली. तेव्हा मैत्रिणींनो, पहाटे तुमचा जीव का कासावीस होतो ते लक्षात आले ना? पाळण्यातले मूल रडल्यावर जो कान जागा होतो, त्याच कानाला मनी हात घालते. मॅक्कोंबबाईंनी आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे. ही युक्ती मुख्यतः अशा घरात चालते जेथे एक माणूस आणि एक मांजर असते. गजबजलेल्या घरात घुरघुर कोण ऐकणार? तेथे मांजर सरळ ओरडते. तळमजल्यावरच्या आजींकडे दोघी घुरघुरतात आणि जिन्यात ओरडतात, याचे उत्तर यात आहे.

घुरघुर म्हणजे सुखच, असे मात्र समजू नये. आजारी किंवा जखमी मांजरही घुरघुरते.

शेपूट उभी काठीसारखी वर करून येते, तेव्हा ते स्वागत असते. पायांत घोटाळते, गाल घासते, तेव्हा गालांवरच्या, कपाळावरच्या ग्रंथींचा वास आपल्याला लावते. ओळखीचे करून घेते. त्यात भुकेचा भाग असतोच, पण सगळी भूकच नसते. अमेरिकेत २०१७ साली ३८ मांजरांपुढे अन्न, माणसाचा सहवास, खेळणे आणि वास असे चार पर्याय ठेवले. निम्म्या मांजरांनी अन्न सोडून माणूस निवडला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, "आमच्याकडे कांदासुद्धा नाही, मग ही आमच्याच उंबऱ्यावर का बसते?" वहिनी, ती जेवते दुसरीकडे आणि गप्पा मारायला तुमच्याकडे येते. काही माणसेही असेच करतात.

जेवतानाच्या दोन-तीन खोडी सांगून टाकते. मासळीचा तुकडा अगदी नाकाशी धरला तरी मांजराला दिसत नाही, म्हणून ते इकडे तिकडे हुंगत राहते आणि आपल्याला वाटते, आवडला नाही. मांजराला वीतभराच्या आतले स्पष्ट दिसत नाही. तेथे नाक आणि मिशा काम करतात. तुकडा जरा दूर टाकावा. खाऊन झाल्यावर बशीभोवतीची फरशी पायाने ओरबाडते, ते उरलेले झाकून ठेवणे असते. आपण ताटावर ताट घालतो तसे. फ्रिजमधले गार अन्न हुंगून सोडते, कारण गार अन्नाला वास येत नाही आणि ताज्या शिकारीची ऊबही नसते. कोमट करून द्यावे. आणि दूध पिताना जिभेचा चमचा करत नाही, हे तर मलाही नवल वाटले. २०१० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी झटपट छायाचित्रे घेऊन दाखवले की मांजर जिभेचे टोक दुधाच्या पृष्ठाला नुसते टेकवते आणि झटकन वर उचलते. मागोमाग दुधाची धार वर येते, ती पडायच्या आत तोंड मिटते. सेकंदाला चार वेळा! डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची आपण म्हण केली, पण ते किती सफाईने पिते हे पाहायचे राहून गेले.

दुधाचा विषय निघाला म्हणून एक अप्रिय गोष्ट. मांजराला दूध हवेच, ही आपली समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पिते आवडीने, आणि मग जिन्यात घाण करते. तक्रार मंडळात येते. दूध गोड लागते म्हणून पिते असेही नाही, कारण मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाच्या चवीला जे दोन जीन लागतात, त्यांतला एक मांजराच्या सबंध कुळात निकामी आहे, हे २००५ साली सिद्ध झाले. पेढा आणि बर्फी तिच्यापुढे ठेवून पाहा. चाटलीच तर तुपासाठी.

त्याहून महत्त्वाची बाब दूधभाताची. मांजराला टॉरिन नावाचे एक द्रव्य आहारातूनच मिळावे लागते. त्याचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांस-मासळीत असते, भातात नसते, डाळीत नसते. १९७५ साली असे दिसून आले की दुधातल्या केसीन या प्रथिनावरच मांजरे ठेवली तर त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजू लागतो; पुढे १९८७ साली कळले की हृदयही दुबळे होते. म्हणजे आपण प्रेमाने वर्षानुवर्षे दूधभात घालावा आणि मांजर हळूहळू आंधळे व्हावे, असा हा प्रकार आहे. शाकाहारी घरांना मासळी शिजवा असे मी सांगणार नाही. टॉरिन घातलेले तयार मांजरखाद्य वाण्याकडेसुद्धा मिळते, तेवढे वाढावे. मासळी देणाऱ्यांनी साधी उकडून, काटे काढून द्यावी. कालवणातली देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला विष आहेत.

आवडीनिवडी मांजर आईकडूनच शिकते. पिल्ले चार-पाच आठवड्यांची झाली की आई जे खाते ते खाऊन पाहतात. वांडा वायर्विका या शास्त्रज्ञ बाईंनी तर मेंदूला विजेची चेतना देऊन मांजरींना केळे खायची सवय लावली होती, आणि आईचे पाहून पिल्लेही केळे खाऊ लागली. हे १९७८ सालचे. प्रयोग काही मला रुचला नाही, पण आईचे वळण किती खोल जाते ते त्यातून दिसते. आजींच्या ताटातली भाकरी आपल्या मनीची पिल्ले का मागतात, त्याचे आश्चर्य नको.

आता बांगड्याची चोरी. चोरी म्हणायला मालकी कळावी लागते. मांजराला इतकेच कळते की वास आला, उघडे आहे, कोणी पाहत नाही. शिंके तुटले नि बोक्याचे फावले, यात शिंक्याचीही काही जबाबदारी असेलच की! आपल्या आया दुधाला जाळीचे कपाट आणि लोण्याला शिंके ठेवत. त्यांनी मांजराला बोल लावला नाही, भांडे झाकले. कोळीण आली, मासळी घेतली, ती परातीत उघडी टाकून दारात दहा मिनिटे बोलत उभे राहिलो, तर तिसऱ्या कोणाला तरी ती मिळणारच.

पहाटेच्या ओरडण्याचा उपाय जरा कठीण आहे, कारण तो आपल्याला पाळायचा आहे. पहिल्या हाकेला आपण उठत नाही, दुसरीला नाही, तिसरीला नाही. पाचवीला कंटाळून दार उघडतो आणि काहीतरी टाकतो. मांजर त्यातून शिकते की पाच वेळा ओरडावे लागते. कधी द्यायचे, कधी नाही, याने तर सवय अधिकच घट्ट होते. ओरडल्यावर कधीही देऊ नये, ठरलेल्या वेळी न मागता द्यावे. मात्र आधीच सांगून ठेवते, की पहिले काही दिवस ओरडणे वाढते. नेहमीची किल्ली लागत नाहीशी झाली की आपणही ती आधी जोर लावून फिरवतोच. त्या दिवसांत एका घराने जरी खिडकीतून तुकडा टाकला, तरी सगळे पाण्यात. रात्री उशिरा एक छोटे जेवण दिले तर पहाट बरीच शांत जाते.

नातवाच्या हाताबद्दल मी चौकशी केली. मनी जेवत होती आणि तो मागून तिची शेपूट धरायला गेला. जेवणारे मांजर कान मागे घेते, शेपटी जमिनीवर आपटते, अंग आखडते. हा इशारा पाच वर्षांच्या मुलाला कोणी शिकवला नव्हता. आपण तो सगळ्या मुलांना शिकवू. जेवताना हात लावायचा नाही, आणि पोट वर करून लोळले म्हणून पोटाला तर नाहीच नाही. परंतु बोचकारल्यानंतर जे झाले ते बरोबर नव्हते. जखमेवर हळद भरली गेली. मांजराच्या चाव्यातून, ओरखड्यातूनही रेबीज होऊ शकतो, आणि तो एकदा झाला की बहुधा माणूस वाचत नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायचे, हळद नाही, चुना नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लशीविषयी विचारायचे. नातवाच्या आईने दुसऱ्या दिवशी लस सुरू केली, हे चांगले झाले.

दोघींची आपसांतली मारामारीही बशीवरूनच आहे. आपण कौतुकाने एकाच थाळीत वाढतो. सगळ्यांनी एका ताटात जेवावे हे आपले प्रेम, मांजराचे नव्हे. काळी मनी मागे उभी राहते ते मान देणे नव्हे, ती घाबरलेली असते. दोन बश्या, आणि एकीला दुसरी दिसणार नाही अशा. एरवी नात्यातल्या मांजरी मोठ्या गुण्यागोविंदाने राहतात. माय-लेकी, बहिणी एकमेकींची पिल्ले पाजतात. त्यांचे महिला मंडळच म्हणा, फक्त सभा नसते.

पोत्याविषयी दोनच शब्द. मांजर मारले तर सोन्याचे मांजर काशीला वाहावे लागते, असे आपल्या आज्या म्हणत. ते राहू द्या. पण १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याच्या कायद्यानुसार प्राण्याला उपाशी मरेल अशा जागी सोडून येणे हा गुन्हा आहे. परक्या जागी त्याला ना भांडे माहीत, ना माणूस, ना आडोसा. तेथल्या मांजरांचा मार मात्र ठरलेला. आणि येथली जागा रिकामी राहत नाही. उकिरडा आहे, उंदीर आहेत, महिन्याभरात दुसरी येते, आणि तिची बोली आपल्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. आजी सभेला आल्या नाहीत, त्यांचा गुडघा दुखतो. सकाळी त्यांच्याशी पहिला शब्द कोण बोलते, हे मी सांगायला नको.

आणखी एक. मांजराने जेवण सोडले तर ते लाडीगोडी समजून वाट पाहू नये. दोन-तीन दिवस पोटात काही नसेल तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. एक दिवस उपाशी दिसले की पशुवैद्याला विचारावे. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नये. मांजराला ती प्राणघातक आहे.

तर माझी सूचना अशी. सकाळी सात, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, मागच्या नळाजवळ दोन वेगळ्या बश्या. सोमवार ते शनिवार सहा घरांकडे एकेक वार, रविवार माझ्याकडे. ओला कचरा झाकणाच्या डब्यात. जिन्यात कोणी काही टाकायचे नाही, आजींनीसुद्धा नाही. मी त्यांना सांगेन. आणि दोघींची शस्त्रक्रिया. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीनदा वेळ येते. गणित तुम्हीच करा. पशुवैद्यांशी मी बोलले आहे, पुढच्या गुरुवारी ते दोघींना घेतील. नेण्या-आणण्यासाठी झाकणाची टोपली आणि रिक्षा लागेल, शस्त्रक्रियेनंतर काही दिवस दोघींना कोरड्या खोलीत ठेवावे लागेल. ती खोली वहिनींनी देऊ केली आहे, मासळी आत येणार नाही या अटीवर. वर्गणीची वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे.